विहिरीवरचा दिवा

निकालाची प्रत धनसिंगला पोस्टाने धाडली असती तरी चाललं असतं. पण जिंकलेला वकील जरा मिरवतोच. मी गाडी काढून थेट त्याच्या गावी, किन्हीराजाला गेलो.

बायकोला विहिरीत ढकलल्याबद्दल त्याला जन्मठेप झाली होती. साक्षीदार एकच, शेजारच्या शेतातली म्हातारी रामीबाई. मोटरीच्या खोलीवरच्या बल्बच्या उजेडात सगळं पाहिलं, असं ती सांगायची. अपिलात मी वीज कार्यालयाची नोंद दाखवली. त्या संध्याकाळी शेतावर लाइनच नव्हती, मग हिला दिसलं कसं? साक्ष ढासळली, धनसिंग सुटला. त्यानेच ढकललं होतं, हे त्याने मला आधीच सांगितलं होतं. तेव्हा मला त्याची लाज वाटली नाही.

धनसिंग मला हौसेने शेत दाखवायला घेऊन गेला. तिन्हीसांजेला आम्ही त्याच विहिरीपाशी पोचलो. लाइन गेलेली, मोटर बंद. तुरीचं पानही हलत नव्हतं. कुठूनसा ओल्या कपड्यांचा कुबट वास आला आणि खोलीवर पिवळा उजेड पडला.

धनसिंग पुटपुटला, "साहेब... तो बल्ब तं पोलिसाईनं जप्त केला होता..."

मी वर पाहिलं. होल्डर रिकामा होता. त्या उजेडात धनसिंगच्या छातीवर दोन हात टेकले. हिरव्या बांगड्यांचे, पाणी निथळणारे. हातांमागे कोणीच नव्हतं. तो एकेक पाऊल मागे सरकत गेला... खाली पाणी वाजलं. उजेड गेला.

पोलिसांनी मलाच धरलं, कारण विहिरीवर आम्ही दोघंच होतो. मी जे पाहिलं ते सांगितलं, तर फौजदारांनी शांतपणे विचारलं, लाइन नव्हती, मग तुम्हाला दिसलं कसं?

रामीबाई तेव्हा बांधावरच उभी होती. मी तिला हात जोडले, खरं सांग म्हणून अक्षरशः रडलो.

"पायलं ना मी," ती म्हणाली. "तवाबी पायलं, आताबी पायलं. पण या बुढीवर भरोसा नाही ठेवाचा, हे तुमीच तं कोर्टात सांगतलं, साहेब..."

आणि ती आपल्या शेताकडे निघून गेली. तिचा राग मला कळतो. तिच्या जागी मीही हेच केलं असतं.

पंचनाम्यातली एक ओळ मात्र मी रोज वाचतो. विहिरीपासून मी चांगला दहा पावलं लांब होतो, पाण्याला हातही लावला नव्हता. तरी तिथे लिहिलंय, वकिलाच्या सदऱ्याच्या दोन्ही बाह्या कोपरापर्यंत ओल्या होत्या.