रिकामी खाच

"सुताराची पोरगी हाये थे. तिले तं समजाले पायजे होतं."

मामाजी, म्हणजे माझे सासरे टिकाराम, हे आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, म्हणत होते. अंगणात, हळू आवाजात. मी मोरीच्या भिंतीअलीकडे ताटं विसळत होते. लग्नाला चारच महिने झालेत, पण एवढं कळलंय की या घरात हळू बोललेलं सगळं मोरीत स्वच्छ ऐकू येतं. मोठ्याने बोललेलं मात्र कुणी ऐकत नाही.

"लहान हाये," आत्याबाई म्हणाल्या. "पाह्यलं नसंन तिनं."

पाहिलं होतं. तेच तर.

आमची दोन्ही घरं सुतारांची. माझ्या माहेरी अजून रंधा चालतो. सासरी तुमसरात फर्निचरचं दुकान आहे, आणि घरातलं देव्हाऱ्यापासून दिवाणापर्यंत सगळं प्लायवूडचं. माझे यजमान निकेश हल्ली जुन्या वस्तू घेऊन हॉटेलवाल्यांना विकतात. पारखण्याची त्यांची एकच रीत आहे, मोबाइलवर फोटो चांगला येतो की नाही. म्हणून आज दुपारी बपेरा गावी जाताना त्यांनी मला सोबत घेतलं. "कलाबाईच्या घरची सुतारपेटी हाये. तिचा मानूस मिस्त्री होता, मागल्या साली वारला. पूरी हाये का नाही, तूच पाय."

पेटी खरंच देखणी होती, काळ्या शिसवाची. प्रत्येक औजाराला लाकडात कोरलेली खाच. मी एकेक हातात घेतलं. रंधा, वाकस, गिरमिट, किकरं. दांडे नंतर बदललेले नव्हते. सगळ्यांवर अंगठ्याची खळगी एकाच बाजूला झिजलेली. म्हणजे सगळा संच एकाच माणसाचा, आणि तो माणूस डावखुरा. मी तसं म्हटल्याबरोबर कलाबाईने तोंडाला पदर लावला. निकेश माझ्याकडे बघतच राहिले. चार महिन्यांत पहिल्यांदाच सासरचं कुणीतरी माझ्याकडे तसं बघत होतं, हिला काही येतं म्हणून.

मग मला ती खाच दिसली. बोटभर रुंदीची. रिकामी.

ती का रिकामी आहे, हे मला माहीत होतं. आमचा आजा गेला तेव्हा त्याचा वाकस पेटीत परत गेला नाही, देवापाशी गेला. खंडेनवमीला अजून त्याचीच पूजा होते. सुताराच्या घरात हे कुणी शिकवत नाही, दिसतं.

आणि तरी मी म्हणाले, "एक पटाशी नाही याच्यात."

"असं?" निकेश सरळ बसले. "मंग कसं करता, बाई? अपुरी पेटी हॉटेलवाला घेत नाही."

कलाबाईने त्यांच्याकडे पाहिलंच नाही. ती माझ्याकडे बघत होती. मग आत गेली आणि पदराखाली झाकून पटाशी घेऊन आली. पात्याला कुंकू होतं. ती निकेशना नाही, मला दिली. "घे, माय," म्हणाली.

घरी निकेशनी पेटी बैठकीत ठेवली आणि जाहीर केलं, "पूरीच भेटली." मी पाणी घेऊन आले, तर दारातूनच दिसलं. मामाजींनी पेटी उघडली, पटाशी उचलली, पात्यावरचं कुंकू न पुसता कडेने बोट फिरवलं आणि परत ठेवली. हॉटेलवाल्याची गाडी उद्या सकाळी येणार आहे.

नवरात्रातली सातवी माळ. जेवणं झाल्यावर लाइट गेली. आम्ही सगळे अंगणात बसलो. बैठकीचं दार उघडंच होतं, आतला अंधार बाहेरच्या अंधाराहून जाड. माझी नणंद गुंजन म्हणाली, "बाबा, सांगा ना एखादी. पण खरी."

"खरीच सांगतो." मामाजींनी सुपारी कातरली. "माह्या ओळखीचा होता एक, भय्याजी. लाखांदूरचा. निकेशसारखाच, जुनं सामान घे, वीक. दोन साल झाले. सर्वपित्री अमावास्या. तलावापल्याडच्या गावी कवडू मिस्त्रीची पेटी पाहाले गेलता. कवडू वारला होता. घरी म्हातारी माय. पेटी सगळी चांगली, पण एक खाच रिकामी."

निकेशनी मोबाइल खाली ठेवला. मी चटईची काडी सोलायला लागले.

"भय्याजी म्हणे, थे पटाशी आना. म्हातारी म्हणे, तेवढी राहू दे बाप्पा, थे देवापाशी हाये. भय्याजी अडून बसला. शेवटी दिली तिनं. पेटी गाडीच्या कॅरिअरले बांधली अन् निघाला. तलावाची पाळ लागली..."

"बाबा, तुमच्या गोष्टीत गाडी तलावापाशीच काहून बंद पडते?"

"बंद नाही पडली, बेटा. चालूच होती. तेच तं सांगून राहिलो."

गुंजन हसली. मग थांबली.

"चालू गाडीत मांगून आवाज. ठक. ठक. भय्याजीले वाटलं, औजारं हालून राहिले. गाडी थांबवली. आवाज बंद. दुपट्टा काढला, औजारांत कोंबला, दोर आवळला. निघाला. अन् पुन्हा... ठक. लोखंडावर लोखंड नाही. लाकडावर. हळूहळू. कामावरचा मानूस ठोकते, तसं."

आत्याबाईंनी जपाची माळ थांबवली.

"मंग गाडी दबली. मांगून. सीटवर कोनी बसलं का दबते, तशी. भय्याजीनं आरशात पाह्यलं नाही. म्हणे, कोन...?"

मामाजींनी सुपारीचा आणखी एक तुकडा कातरला.

"मंग?" निकेश.

"मंग काही नाही. वजन तेवढंच. घरापर्यंत."

रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला, त्याचा आवाज संपेपर्यंत सगळे तोच ऐकत बसले.

"सकाळी भय्याजीच्या चौकटीले भोक. चौकोनी. सफाईदार. त्या पटाशीच्या रुंदीचं. दुसऱ्या दिवशी, त्याच्या बाजूनं आनखी एक. तिसऱ्या दिवशी त्यानं पटाशी उचलली अन् पळत म्हातारीकडं नेली. घे माय, म्हणे. थे घेईच ना."

"काहून?" गुंजन.

"म्हातारी म्हणे, आता काय करू याले? घरी एक औजार होतं, तं पोरगा घरी होता. तुमी पूरी पेटी नेली, तं तो पेटीमांगं गेला. तीन रात्री झाल्या. आता त्याले तुमचं घर गमलं, जीव रमला त्याचा. तिथंच राहू द्या..."

मामाजी सुपारी चघळत राहिले. त्यांनी निकेशकडे पाहिलं नाही. माझ्याकडेही नाही. ते इतकं ठरवून टाळत होते की मला कळलं, गोष्ट कुणासाठी होती.

"काहीही सांगता, बाबा," निकेश म्हणाले. आवाज नेहमीचा नव्हता. "अन् म्या काही जबरदस्ती केली नाही. पूरीच होती पेटी. हो ना, मेघा?"

ते मला वाचवत होते. स्वतःला नाही, मला. ते जास्त वाईट होतं.

"कंदील आणते," म्हणून मी उठले.

बैठकीत अंधार. मोबाइलचा उजेड मी मुद्दाम खाली धरला. पेटी होती तशीच, झाकण बंद. मी वळणारच होते...

वास.

तो मला ओळखता येतो. मी त्याच्यात लहानाची मोठी झाले. ताज्या कापलेल्या सागाचा. थोडा तेलकट, थोडा गोड.

पेटीजवळ फरशीवर एक ढलपी पडली होती. बोटभर रुंदीची. एका कडेला गोल वळलेली. मी उचलली. ओलसर होती. आतून ताजी, पिवळी.

मी देव्हाऱ्याकडे पाहिलं. दिवाणाकडे. कपाटाकडे. चौकटीकडे. चौकट लोखंडी, बाकी सगळं प्लायवूड. प्लायवूडची अशी ढलपी निघत नाही.

या घरात साग नाही. कुठेच नाही.

मी झाकण उघडलं. पटाशी खाचेतच होती. पात्यावर दुपारी कुंकू होतं. आता नव्हतं. दांडा हातात घेतला... कोमट होता. नुकताच कुणी सोडल्यासारखा.

कंदील न घेताच मी बाहेर आले. एका मुठीत ढलपी, दुसऱ्या हातात पटाशी. सगळे माझ्या हाताकडे बघत होते. आत्याबाई "अगं..." एवढंच म्हणाल्या. मामाजींची सुपारी थांबली.

या घरात मी आजपर्यंत मोठ्याने काही बोलले नव्हते. बोलले.

"मामाजी, मले समजत होतं. खाच रिकामी काहून हाये, थे मले ठाऊक होतं, अन् तरी बोलून मीच दाखवली. यायले तं दिसलीबी नव्हती. अजून पहिलीच रात्र हाये. अहो, गाडी काढा, आत्ताच बपेऱ्याले जाऊन पटाशी परत देऊ. मांगच्या सीटवर मी बसते. थे रिकामी नको."