सुरुवात दोनशे चौदापासून

पहिल्याच वाक्यात त्यानं मला 'बेन', म्हणजे बहीण, म्हटलं. प्रेमकथेची याहून वाईट सुरुवात मला तरी माहीत नाही.

सप्टेंबरातला रविवार होता. सकाळी एक सर येऊन गेली होती, आणि कारेलीबागेतल्या एका सोसायटीच्या गल्लीत माझ्या स्कूटरचं मागचं चाक पार बसलं होतं. एका बंगल्याच्या गॅरेजचं शटर अर्धं उघडं दिसलं, म्हणून वाकून आत शिरले. आत गाडी नव्हतीच. भिंतीपासून भिंतीपर्यंत पुठ्ठ्याची खोकी, आणि मधोमध मांडी घालून बसलेला एक उंच मुलगा.

"शुं जोईए, बेन?"

"पंप छे?"

"छे ने. पण पगनो छे, जोर लगाववो पडशे."

मी जोर लावला. हवा चाकात जायची सोडून माझ्या पायावर येत होती. "मेला पंप आहे की भाता!" मी स्वतःशीच पुटपुटले.

तो एकदम हसला. "भाताच आहे. द्या इकडे."

"मराठी आहात? मग बेन कशाला म्हणालात?"

"बडोद्यात अनोळखी मुलीला दुसरं काय म्हणणार? मार खायचाय?" तो पंपावर पाय ठेवून थांबला. "आता... मागे घेतो."

"काय?"

"बेन."

आणि मान खाली घालून इतक्या जोरात हवा भरायला लागला, की टायर फुटतोय की काय असं मला वाटलं.

त्याचं नाव समरजित. सोमवार ते शनिवार एका कारखान्यात यंत्रांची ड्रॉइंग करायचा. घराण्यात पूर्वी सगळे संस्थानच्या फौजेत. ह्यानं मात्र लढाया खोक्यांत भरून ठेवल्या होत्या. सुपरहिरोंची कॉमिक्स, दोन हजार सातशे अंक! दर रविवारी तो गॅरेज उघडायचा आणि येईल त्याला वाचायला द्यायचा. वर तो आणि त्याची आई राहत.

आणि मी मोहना. आमच्याकडे पणजोबांपासून सगळे कागदांत रमलेले. मी एका कॉलेजच्या लायब्ररीत पुस्तकांची वर्गवारी करते. म्हणजे कुठलं पुस्तक कुठल्या फळीवर, हे ठरवणं माझं काम. घरात डबेसुद्धा मी उंचीनुसार लावते. आई म्हणते, हिला नवरासुद्धा नंबर घालून मिळाला पाहिजे.

"मला पण वाचायचंय," मी म्हणाले. हवा भरून झाली होती आणि मला निघायचं नव्हतं, हे खरं कारण. "हा लोहगरुड काय आहे? ह्याचा पहिला अंक द्या."

"पहिला? मुळीच नाही."

"का? सुरुवात पहिल्यापासूनच करतात ना?"

"पहिल्या अंकात त्याला उडतासुद्धा येत नाही. लिहिणाऱ्याचंच काही ठरलं नव्हतं. चारशे बारा अंक आहेत, त्यात तो तीनदा मेलाय. पहिल्यापासून लागलात तर विसाव्याला कंटाळाल आणि मला शिव्या द्याल."

"पण मागचं काही माहीत नसताना—"

"लग्नाच्या मांडवात शिरल्यावर कोण कुणाची आत्या हे आधी पाठ करता का? जेवायला बसता. मग हळूहळू कळतं." त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. "एक सांगा. तुम्हाला राग कशाचा येतो?"

"पुस्तक चुकीच्या फळीवर ठेवलं की."

तो उठला. तीन खोकी सोडून चौथ्यात हात घातला आणि न बघताच एक अंक काढला. दोनशे चौदा.

त्या अंकात एकही मारामारी नव्हती. लोखंडी पंखांचा तो धिप्पाड माणूस दिवसभर एका बसस्थानकावर बहिणीची वाट बघत बसतो. ती येत नाही. एवढंच. मी तो अंक त्या रात्री दोनदा वाचला आणि पुढच्या रविवारी साडेनऊलाच कारेलीबागेत हजर झाले. दहाला उघडायचं गॅरेज.

मग रविवारामागून रविवार. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. मी अंक परत करायचे, काय वाटलं ते सांगायचे, आणि तो ऐकता ऐकता पुढचे दोन-तीन शोधायचा. अंक देताना बोटाला बोट लागायचं... तेवढ्यावर माझा बुधवारपर्यंतचा आठवडा जायचा. गुरुवारपासून पुढच्या रविवारची ओढ.

"हा घे. ह्यात तो हरतो."

"तू मला सारखे हरणारेच अंक का देतोस?"

"जिंकताना सगळे सारखेच दिसतात. हरताना प्रत्येक जण वेगळा." मग हळूच, "तुला रडू आलं की नाक लाल होतं. अंकावर डाग नको पाडूस."

"नाकाकडे कुणी बघायला सांगितलं होतं?"

"कुणीच नाही," तो म्हणाला, आणि खोक्यात डोकं घातलं.

यापुढे मात्र तो कधी गेला नाही. मीही नाही. आम्ही दोघं दारापर्यंत यायचो आणि चपला शोधत बसायचो.

नोव्हेंबरात चुलतबहिणीच्या लग्नाला तो आणि आई आठ दिवस ग्वाल्हेरला गेले. जाताना त्यानं गॅरेजची किल्ली माझ्या हातात ठेवली. "रविवारी उघडशील? तुझ्यावर विश्वास आहे."

त्या वाक्यानं माझं डोकं फिरलं. याच्यासाठी काहीतरी करायचंच, असं ठरवलं. आणि मला येतं काय? एकच काम येतं.

खोक्यांत नुसता गोंधळ होता. एकशे चारनंतर तीनशे नव्वद, मध्येच दुसऱ्याच कुठल्या हिरोचे दोन अंक, वर रंगीत दोऱ्यानं बांधलेले लहानमोठे गठ्ठे. मी चार दिवस रजा काढली. दोरे सोडले. प्रत्येक मुखपृष्ठाचा फोटो काढला, मालिकेनुसार, क्रमांकानुसार सगळे अंक लावले, खोक्यांवर छापील चिठ्ठ्या डकवल्या. आंधळ्यालाही अंक सापडला असता! पाठ मोडून आली होती, पण असं सुख मला आयुष्यात झालं नव्हतं.

तो परत आला, दारात उभा राहिला. मग एका खोक्यावरून हात फिरवला.

"खूप... छान लावलंयस."

"आवडलं?"

"गठ्ठ्यांचे दोरे?"

"सोडले. का?"

"काही नाही. एकेका वाचकासाठी एकेक होता तो. आधी कुठला, मग कुठला... अकरा वर्षांत लागत गेला होता तो क्रम." तो हसला, पण तोंडानंच. "असू दे. किल्ली देतेस?"

संध्याकाळी वाचकांच्या ग्रुपवर त्याचा मेसेज आला: काही रविवार बंद.

ओरडला असता तर मी भांडले असते. भांडण मला जमतं. पण तो ओरडलाच नाही, आणि माझे दोन फोन त्यानं "कामात आहे गं" म्हणून ठेवले. येणारा रविवार सकाळी दहाला उजाडायचा आणि रात्री दहापर्यंत संपायचाच नाही. मी त्या गल्लीवरून उगाच स्कूटर नेली. शटर खाली. मला तो हवा होता, साधं सरळ सांगायचं तर. आणि माझ्याच हातानं मी त्याला घालवला होता.

रडून झालं, नाक लाल करून झालं. मग माझ्यातली कारकून जागी झाली. क्रम मोडला ना? मग क्रम परत लावायचा. तो कुठल्याच कागदावर नव्हता. पण वाचकांच्या डोक्यात तर असेल! ग्रुपवर माझ्याशिवाय नऊ वाचक होते. फोनवर कुणाला धड आठवेना. मुखपृष्ठांचे फोटो समोर धरले की मात्र आठवायचं. म्हणून एकेकाच्या घरी जायला लागले.

निजामपुऱ्यात कौशल्याबाई होत्या. निवृत्त नर्स, अडुसष्ट वर्षांच्या. त्यांनी माझ्या फोनवर बोट ठेवत ठेवत भराभर यादी सांगितली. "सत्याऐंशीपासून सुरू केलं हो मी. त्यात तो दवाखान्यात असतो, आणि नर्स त्याला झापते. समरला बरोब्बर कळलं, ही म्हातारी कुठं अडकेल. मग हा, मग हा... असे बारा."

"आणि पुढचे?"

"पुढचे माझे मी. बारा झाले की तो म्हणतो, आता तुमचं तुम्ही निवडा, तुम्हाला माझी गरज नाही. सगळ्यांना बाराच देतो तो."

मी लिहिता लिहिता थांबले. नंतरच्या सात घरांतही बाराच निघाले. बियाण्यांचं दुकान चालवणारा माधव बडोद्याबाहेर पादरा गावी राहायचा, त्याच्याकडे सर्वांत शेवटी गेले. त्यानं दुकानात चहा पाजला आणि आपल्या बडोदी मिसळ बोलीत सांगितलं, "बारा पछी हाथ जोडतो तो. मी किती मस्का मारला, यार, तेरावा काढून दे म्हटलं... चोक्खी ना पाडली, साफ नाही म्हणाला."

पादऱ्याहून परतताना बसमध्ये मी माझे अंक मोजले. दोनशे चौदापासून शेवटच्या रविवारपर्यंत. एकतीस.

पुन्हा मोजले. एकतीसच. शेजारच्या बाईंनी मला विचारलं, तब्येत बरी आहे ना? मी म्हटलं, हो, खूप बरी आहे. आणि मला रडू येत होतं.

उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या दिवशी मी गेले. अख्खं शहर गच्च्यांवर, रस्ते रिकामे, आणि माझ्या गळ्याभोवती मांज्याच्या भीतीनं ओढणीचे तीन वेढे. वरच्या गच्चीवर गाणी वाजत होती, आणि खाली शटर हातभर उघडं होतं. मी वाकून आत शिरले. तो जमिनीवर बसला होता. माझ्या छापील चिठ्ठ्या तशाच होत्या. एकही काढलेली नव्हती.

"पतंग नाही उडवत?"

तो दचकून उठला. "तू?... ओढणी तरी सोड आधी. गुदमरशील."

मी वही पुढं केली. "नऊ वाचक. बारा बारा अंक. क्रमानं. एकशेआठ नोंदी, दोनच ठिकाणी शंका आहे."

त्यानं पान उलटलं. मग दुसरं. बोट कौशल्याबाईंच्या सत्याऐंशीवर थांबलं. "पादऱ्यालासुद्धा गेलीस?"

"बसनं. समर, मला माफ कर. मला कळलं नव्हतं, तू इथं काय करून ठेवलं होतंस."

"मी त्याच्यासाठी नव्हतो गं रागावलो." तो वहीकडेच बघत होता. "गठ्ठे काय, महिनाभरात परत बांधले असते. पण तू सगळं इतकं नीट लावलंस... नंबर बघा आणि अंक घ्या. मला वाटलं, हिला आता मी काढून द्यायची गरजच उरली नाही. सगळे बारानंतर जातात. तू पण निघालीस. जाताना घर आवरून निघालीस."

म्हणजे सात आठवडे आम्ही दोघं आपापल्या घरी बसून एकच दुःख करत होतो! मला हसू आलं, आणि त्याच्या खालून कढ आला.

"मला किती दिलेस?"

त्यानं वही मिटली.

"एकतीस," मी म्हणाले. "मोजलेत. सगळ्यांना बारा, मला एकतीस. का?"

"तेरावा देताना हात थांबला होता," तो म्हणाला. कान लाल झाले होते त्याचे. "म्हटलं, आता सांगायला हवं हिला, तुझं तू निवड. तू समोर बसून विचारत होतीस, पुढं काय होतं... मग दिला. मग दर आठवड्याला म्हणायचो, पुढच्या रविवारी सांगू." त्यानं पहिल्यांदा वर पाहिलं. "मला तू यायला हवी होतीस, मोहना. अंक संपले असते तर मी स्वतः काढून आणले असते. मला ड्रॉइंग येतं."

"मग आता सांग ना. माझं मी निवडू?"

"...निवड."

मी खोक्यांकडे वळलेही नाही. त्याच्या हातातली वही काढून घेतली, खाली ठेवली, आणि रिकामा झालेला तो हात धरला. बोटांना फाटके अंक चिकटवायच्या डिंकाचा वास येत होता. त्यानं दुसऱ्या हातानं माझ्या ओढणीचा एक वेढा सोडवला, मग दुसरा. तिसऱ्याला मात्र इतका वेळ लावला, की वर गाणं बदललं.

त्याचा फोन वाजला. त्यानं माझा हात न सोडता उचलला. आईंचा आवाज मलाही स्वच्छ ऐकू आला: "समर, चिक्की संपत आली. किती वेळ खाली एकटा बसणारेस?"

"एकटा नाही, आई," तो म्हणाला. "मोहना आहे. दोघं येतोय वर."

मग आई म्हणाल्या, "मग सावकाश या."