पिन कुणी काढली?

समई पेटली, पाहुण्यांनी हात जोडले, आयोजक आप्पा माइकपाशी आले, "रसिकहो..." म्हणाले, आणि आवाज गेला!

मेलाच एकदम. आप्पांचे ओठ हलताहेत, मंडपभर माणसं कानामागे हात धरून बसलीत, आणि मिक्सरपाशी मी, सना सुभान मोमीन, घामानं थबथबलेली. शिरूरच्या उन्हाळी साहित्य महोत्सवाचा साउंड एकटीनं सांभाळायचा माझा तो पहिला दिवस. लग्नसराईमुळे अब्बा दुसरा सेट घेऊन पाबळला गेले होते. निघताना त्यांनी बजावलं होतं, "एकदा जरी आवाज गेला, तर फुडं मिक्सरला हात लावायचा न्हाई. दुकानात बसून फोन घ्यायचे."

आणि पहिल्याच शब्दाला गेला की हो!

मी वायर धरून धावत सुटले. स्टेजच्या मागे, एक्स्टेन्शन बोर्डापाशी, निळ्या कुर्त्यातला एक तरुण उकिडवा बसला होता. एका हातात फोनचा चार्जर, दुसऱ्या हातात... माझी पिन!

"पिन कुणी काढली?"

"अं... मी. बोर्डात जागा नव्हती, आन् फोन बंद पडला. माझी कविता फोनमधी हाय."

"तुमच्या कवितेपायी माझा अख्खा मंडप मुका केला! सोडा ती पिन!"

त्यानं घाबरून सोडली. मी ती बोर्डात खुपसली आणि मंडपातून आप्पांचा आवाज गरजला, "—आज शिरूरच्या भाग्याचा दिवस!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मात्र रडायच्या बेतात होते.

"लई चुकलं माझं," तो म्हणाला. "मी अलीम. दौंडचा. आता मी इथंच बसतो, पिन राखत. कुणाला हात लावू देत न्हाई."

"काही गरज न्हाई."

"हाय गरज. माझ्यासारखे अजून लई कवी यायचेत."

हसायचं नाही असं ठरवूनही मला हसू आलं. मी पटकन तोंड फिरवलं, पण त्यानं पाहिलं असणारच.

खरंच बसला तो! एक्स्टेन्शनचा बोर्ड ओढून मिक्सरच्या टेबलाखाली घेतला आणि शेजारी खुर्ची टाकून पहारा सुरू केला. बाहेर ऊन नुसतं रणरणत होतं, घोडनदीवरून येणारा वाराही गरम. कूलर होता, पण त्याचं तोंड पाहुण्यांकडे. मध्येच अलीम कुठूनसा दोन ग्लास कलिंगडाचा रस घेऊन आला. माझा ग्लास ठेवताना त्याची बोटं माझ्या बोटांना लागली... आणि मी परिसंवादातल्या वक्त्याचा आवाज विनाकारण वाढवून ठेवला. बिचारा दचकला.

"कुरकुंभला कंपनीत लॅबमधी हाय मी," अलीम सांगत होता. "दिवसभर बाटल्या हलवायच्या. कविता फक्त शिफ्ट सुटल्यावर. लोकांसमोर कधी वाचली न्हाई... आज पहिल्यांदाच."

"माझाबी आज पहिलाच दिवस," मी म्हणाले. आणि का कुणास ठाऊक, अब्बांची अट त्याला सांगून टाकली.

त्याचा चेहरा उतरला. "म्हंजी माझ्यामुळं तुमचं..."

"व्हय. तुमच्यामुळं."

त्यानं पिन बोर्डात अजून घट्ट दाबली. मग हळूच म्हणाला, "तुम्ही कधी बोलता का माइकवर?"

"मी? मी कशाला? आमचं काम दुसऱ्याचा आवाज पोचवायचं."

तो माझ्याकडे बघतच राहिला... इतका, की मला ओढणी उगाचच सारखी करावी लागली.

चार वाजता कवी कट्टा सुरू झाला. आप्पा म्हणजे निवृत्त हेडमास्तर, शाळेची पितळी घंटा घेऊनच बसलेले. नियम कडक: प्रत्येकाला तीन मिनिटं. घंटा वाजली की कवीनं थांबायचं. नाही थांबला, तर आप्पा माझ्याकडे बघून तळहात खाली करणार आणि मी आवाज हळूहळू उतरवणार. मी कुणालाच सोडलं नाही. आईवरच्या कवितेत स्वतःच हुंदके देणारे एक काका होते, त्यांचाही आवाज उतरवला. ते जाता जाता माझ्याकडे असे बघून गेले, की बस्स!

"दौंडचे अलीम तांबोळी!"

अलीम उठला. फोन काढला, बटण दाबलं, आणि पांढराफटक पडला. चार्ज कुठून असणार? सकाळपासून माझ्या पिनेची राखण करत बसला होता ना!

"पाठ न्हाई का?" मी कुजबुजले.

"एक ओळ न्हाई."

"मग?"

त्यानं बोर्डाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "पिन सांभाळा," म्हणाला आणि गेला.

माइकपुढे उभा राहिला, पण तोंडातून शब्द नाही. लोक चुळबुळू लागले. माझं काळीज असं धडधडत होतं, की वाटलं, तेच स्पीकरमधून ऐकू जाईल. आप्पांनी घड्याळ बघितलं. आणि मग तो बोलू लागला, अडखळत, एकेक शब्द शोधत...

"सगळ्यांचा आवाज जिच्या हाताखालून जातो,
ती स्वतः किती कमी बोलते.
बोलली, ती फक्त माझ्यावर ओरडताना.
म्हणून म्हणतो—"

टण्ण! घंटा वाजली. तीन मिनिटांतली निम्मी तर त्यानं गप्प उभं राहण्यातच घालवली होती. अलीम थबकला. आप्पांनी माझ्याकडे बघून तळहात खाली केला. सगळ्या मंडपानं माझ्याकडे मान वळवली. माझं बोट आवाजाच्या बटणावर होतं. मी ते सरकवलं.

वर!

"म्हणून म्हणतो, पुन्हा एकदा ओरड,
दुपार सरत आली, आणि मला
तुझा आवाज पुरेसा ऐकू आलेला नाही."

पार बाजारपेठेपर्यंत गेला तो आवाज! मंडपात टाळ्या, शिट्ट्या, आणि आईच्या कवितेवाले काका उभे राहून ओरडतायत, "आमच्या टायमाला बरा कमी झाला!" आप्पा डोळे वटारून बघत होते, पण मिशी हलत होती त्यांची. मी मान खाली घातली. कान नुसते तापले होते.

ऊन कलताना अब्बा टेम्पो घेऊन आले. उतरताच पहिला प्रश्न, "आवाज गेला व्हता?"

खोटं मला येत नाही, आणि अब्बांपुढे तर नाहीच. "व्हय, अब्बा. एकदा."

"माझ्यामुळं गेला, चाचा." अलीम मध्ये येऊन उभा. "पिन मी काढली व्हती. त्यांची काहीच चूक न्हाई. त्यांना दुकानात बसवू नका."

अब्बांनी त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. मग मला विचारलं, "पिनंवर चिकटपट्टी का लावली न्हाई?"

"इसरले."

"फुडच्या खेपेला लाव."

फुडच्या खेपेला! मला तिथंच नाचावंसं वाटलं. अब्बा अलीमकडे वळले, "आन् तुम्ही. काढता येतंय, तर गुंडाळायलाबी हात लावा."

वायर गुंडाळताना एकानं टोक धरायचं असतं, मातीत लोळू नये म्हणून. अलीम मंडपाच्या पार त्या टोकाला उभा. मी हातावर वेढे घेऊ लागले. वायर आखडत गेली तसा तो एकेक पाऊल जवळ येत गेला. मी घाई केली नाही. का करू?

शेवटचा वेढा राहिला तेव्हा तो हाताच्या अंतरावर होता. कुर्त्यावर धूळ, कपाळावर घाम, आणि डोळ्यांत...

"बटण चुकून वर गेलं का?" त्यानं विचारलं.

"माझ्या हातून बटण चुकत न्हाई."

"मग मी बोललो, तेबी चुकून न्हाई. आवडता तुम्ही मला. सकाळी ओरडलात ना, तवापासून."

मी टोक त्याच्या हातातून घेतलं. हात मात्र लगेच सोडवला नाही. "नंबर सांगते. पण लिहिणार कशात? फोन तर बंद."

"पाठ करीन."

"स्वतःची कविता पाठ नव्हती!"

"सांगा तर खरं."

एकदाच सांगितला. तेवढ्यात अब्बांनी हॉर्न वाजवला आणि मी पळाले.

टेम्पो रांजणगावापर्यंत आला आणि माझा फोन वाजला. बघते तर आप्पांचा नंबर! त्या बटणाची तक्रार, दुसरं काय असणार?

"हॅलो?"

"हॅलो, हॅलो... माइक टेस्टिंग," पलीकडून अलीम म्हणाला. "आप्पांचा फोन मागून घेतलाय. आवाज येतोय का?"

"कोण हाय गं?" अब्बांनी विचारलं.

"आप्पांचा फोन हाय," मी म्हणाले आणि खिडकीकडे तोंड करून, चांगलं मोठ्यानं, ओरडूनच सांगितलं, "येतोय! एकदम क्लिअर येतोय!"