वरची कडी

ही गोष्ट खरी आहे. विश्वास ठेवा म्हणून मी कोणाच्या पाया पडणार नाही. तो आवाज तिघींनी ऐकला, आणि त्यातली एक मी.

रात्रीची नाही, भर दुपारची गोष्ट. साथीच्या पहिल्या वर्षातली. सगळं बंद होतं. आमच्या खिडकीतून खालचा चौक दिसतो, तिथे कुत्रंसुद्धा फिरकत नव्हतं.

मी फोनवर दुभाषाचं काम करते. आमचा मुलूख सोडून पळून आलेली म्हातारी माणसं आमची भाषा बोलतात आणि समुपदेशक मॅडम इथली. मधे मी. नियम एकच. लाइनवर जे ऐकू येईल ते सगळं सांगायचं. पदरचं काही घालायचं नाही, काही गाळायचं नाही.

घर लहान. बाहेरचा आवाज नको म्हणून मी कपाटाची दारं उघडून कपड्यांत तोंड खुपसून बसायचे. कानांवर हेडफोन. दाराखाली टॉवेल. दिवसभर दुसऱ्यांची दुःखं सांगून सांगून मला स्वतःला काही वाटेनासं झालं होतं. आई म्हणायची, "जगाशी बोलतेस, माझ्याशी बोलायची वेळ आली की तोंडाला कुलूप."

त्या दुपारी शिवणवाल्या आजींचा फोन होता. आयुष्यभर कारखान्यात कपडे शिवले, आता एकट्याच राहतात. दर आठवड्याला मॅडमचे तेच प्रश्न. झोप लागते का? जेवण जातं का? कोणी नसताना आवाज ऐकू येतात का?

शेवटच्या प्रश्नाला "हो" म्हटलं की इस्पितळाची गाडी येणार, वेड्यांच्या वॉर्डात नेणार. त्या दिवसांत वॉर्डात गेलेलं माणूस घरच्यांनाही भेटत नव्हतं. आजींना हे पक्कं ठाऊक होतं. त्या नेहमी म्हणायच्या, "नाही. बरं आहे."

त्या दिवशी मात्र उत्तरच आलं नाही.

नुसता श्वास...

मग आवाज आला. "पोहोचलीस का गं?"

मी सवयीने मॅडमना सांगितलं, "विचारतायत, पोहोचलीस का."

"कुठे पोहोचलीस?" मॅडम म्हणाल्या.

मी आजींना विचारलं. त्या अगदी हळू म्हणाल्या, "पोरी... मी बोललेच नाही."

आता आठवलं तर वाटतं, आवाज तसा वेगळाच होता. खूप चालून आलेल्या बाईचा. दम लागलेला.

"तुलाही ऐकू आली?" आजी विचारत होत्या. "माझी ताई आहे ती. पळालो त्या दिवशी वेशीपर्यंत बरोबर होती. मग म्हणाली, वरची कडी लावायची राहिली, लावून येते. जी पहिली पोहोचेल तिने हाक मारायची, असं ठरलं होतं आमचं."

"मग?"

"ती आलीच नाही. एवढी वर्षं रस्त्यावर गाड्यांचा गोंगाट होता. आता सगळं शांत झालं, तर ऐकू येते. आधी चौकात यायची. मग जिन्यात. मी ओ देत नाही. ओ दिली की ती येणार. तिला सोडून आले मी, कोणत्या तोंडाने दार उघडू?"

मग गडबडीने, "हे सांगू नकोस गं. मला नेतील."

पण मी तोवर निम्मं सांगून बसले होते. तोंड चालू होतं, मी कुठेतरी मागे बसले होते.

मॅडम म्हणाल्या, "मघाशी माझ्याकडे तर शांतताच होती. तुम्ही स्वतः ऐकलंत?"

दोघींनी ऐकलं तर तो एकीचा आजार कसा? मी म्हटलं, "हो. मी ऐकलं."

मॅडम फार मऊ आवाजात म्हणाल्या, "तुम्हाला झोप लागते का?"

मी तो प्रश्न आपसूक आमच्या भाषेत आजींना सांगितला.

"ते तुला विचारतायत, पोरी," आजी म्हणाल्या.

मला भीती वाटली नाही. काहीच वाटलं नाही, हेच खरं. मॅडमनी आजींना न्यायचं की नाही हा निर्णय पुढच्या आठवड्यावर टाकला, मला दोन दिवस रजा घ्यायला सांगितली आणि फोन ठेवला.

मी टॉवेल उचलून बाहेर आले. आई ओट्यापाशी भांडी घासत होती.

"कोण गं ती बाई?" तिने विचारलं.

"कोणती?"

"पोहोचलीस का, म्हणून विचारत होती ती. आपल्याकडचीच वाटली बोलण्यावरून."

हेडफोन अजून माझ्या गळ्यात होता. आवाज त्याच्या बाहेर जात नाही. दार बंद होतं.

"आई... तू काय म्हणालीस तिला?"

"काय म्हणणार? मला वाटलं, मलाच विचारतेय." आईने हात पुसले. डोळे भरले होते तिचे. "इथे आल्यापासून कोणी विचारलंच नाही गं मला. मी म्हटलं, हो बाई, पोहोचले. तू पण ये."

आमच्या घराच्या दाराला आतून वरती एक कडी आहे. गंजलेली. आईचा हात तिथवर पोहोचत नाही आणि मी ती कधी लावत नाही. आमचं कुलूप पुरतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती लावलेली होती.

मी काढली. त्याच्या पुढच्या सकाळी... पुन्हा लावलेली.

आई आता चहाचा एक कप जास्त ठेवते. का, म्हणून मी विचारत नाही. बरं वाटतं तिला. माझ्यापेक्षा बरीच जास्त बोलते ती हल्ली.

आठवड्याने आजींचा फोन लागला. मॅडमनी सावकाश विचारलं, "कोणी नसताना आवाज ऐकू येतात का?" मी ते आजींना सांगितलं.

आजींचा आवाज कोरडा होता.

"पोरी, माझ्या जिन्यात आता कोणी येत नाही. तुमच्या दाराची कडी कोण लावतं?"

मी त्यांना कडीबद्दल काहीच बोलले नव्हते. कोणालाच नाही.

"काय म्हणाल्या?" मॅडमनी विचारलं.

कपाटातल्या कपड्यांत मी तशीच बसून राहिले. मागे आई कोणाशी तरी हळू आवाजात बोलत होती.

"म्हणाल्या, नाही," मी सांगितलं. "बरं आहे."