कुठूनच न आलेला उंदीर

"उंदीर! पांढरा उंदीर! माझ्या बुटावर!"

स्वानंद एवढ्या जोरात किंचाळला की पुढे चाललेली त्याची ताई ईशानी घसरली आणि धपकन बर्फात बसली.

"ओरडतोस काय रे! पक्षी बघायला आलोय आपण, त्यांना पळवून लावायला नाही!"

"अगं, पण बघ तरी! डोळे लाल आहेत त्याचे!"

ईशानीने पाहिलं आणि ती उठायचंच विसरली. स्वानंदच्या बुटावर खरंच एक इवलासा पांढरा उंदीर कुडकुडत बसला होता. नाक गुलाबी, शेपटी गुलाबी. पाळीव प्राण्यांच्या दुकानात काचेच्या पेटीत असतात ना, अगदी तसाच! पण इथे आसपास दुकान नव्हतं, घर नव्हतं. कॅनडातलं व्हिटबी गाव मागे राहिलं होतं. चारी बाजूंना फक्त बर्फाने झाकलेली शेतं, कुंपणाचे खांब आणि लांबवर एक डांबरी रस्ता.

"सो वीअर्ड!" तिच्या वर्गातला ॲलरॉय म्हणाला. त्याने आपली लोकरीची टोपी काढली आणि उंदराला अलगद तिच्यात ठेवलं. ॲलरॉयचे आईबाबा मूळचे वसईचे. त्यामुळे या तिघांची खलबतं मराठीतच चालत. शेजारच्यांना कळू नयेत म्हणून तर हमखास!

मार्च ब्रेकची सुट्टी नुकतीच लागली होती. ॲलरॉयच्या शेजारच्या केइको-सान या मुलांना रोज सकाळी भटकायला नेत होत्या. केइको-सान टोकियोत वाढल्या होत्या. लहानपणी सुट्टी लागली की शहरातून आगगाडी पकडायची, डोंगराच्या पायथ्याशी उतरायचं, दिवसभर देवदारांच्या रानात चालायचं आणि संध्याकाळी परत घरी, हा त्यांचा नेम होता. कॅनडात येऊनही त्यांनी तो सोडला नव्हता. त्यांच्या पाठपिशवीला अस्वलांना सावध करणारी जपानी घंटा होती. इथे पाखरं बिचकू नयेत म्हणून तिच्यात त्यांनी एक मोजा कोंबून ठेवला होता.

"हा इथे आला कसा?" त्यांनी इंग्रजीत विचारलं. त्यांच्याशी सगळे इंग्रजीतच बोलत. "त्याच्या पावलांचे ठसे शोधा. बर्फ खोटं बोलत नाही."

ठसे सापडले. टाचणीने टोचल्यासारखे बारीक, ओळीने उमटलेले. तिघं ते उलटे शोधत मागे मागे, पार रस्त्याजवळ गेले आणि उघड्या शेतातच थबकले.

ठसे संपले होते! म्हणजे सुरूच तिथून झाले होते. त्याच्या आधी काहीच नाही. बीळ नाही, काडी नाही, माणसाचं पाऊल नाही. मऊ बर्फात फक्त मुठीएवढा एक खळगा.

"आभाळातून पडला?" स्वानंद वर बघत म्हणाला.

"पॅराशूट बांधून!" ॲलरॉय हसला. पण त्याचं हसू अर्ध्यातच विरलं. "गाइज, इकडे या! इथे आणखी एक ओळ आहे!"

ही ओळ तर त्याहून विचित्र होती. तिची सुरुवात तशाच एका खळग्यापासून होती, पण काही अंतरावर ती एकदम नाहीशी झाली होती. आणि जिथे ती संपत होती, तिथे बर्फावर दोन्ही बाजूंना केरसुणी फिरवल्यासारखे मोठे पंखे उमटले होते.

केइको-सान गुडघ्यांवर बसल्या. "हे पंख आहेत. पांढऱ्या घुबडाचे. हिवाळ्यात उत्तरेकडून येतात ही घुबडं. त्याने उंदीर उचलला. ओळ कुठे संपली ते कळलं. पण सुरू कुठून झाली?" त्यांनी मान हलवली. "ते मलाही कळत नाही."

केइको-सानना कळत नाही? मुलं एकमेकांकडे बघतच राहिली.

टोपीतला उंदीर घरी आला आणि बेसमेंटमधल्या रिकाम्या फिशटँकमध्ये राहू लागला. आईला, म्हणजे माधवीला, स्वानंदने सांगितलं, "शाळेचा प्रोजेक्ट आहे."

"सुट्टीत?" आईने विचारलं. पण तेवढ्यात तिचा फोन वाजला आणि प्रश्न राहून गेला.

दोन दिवसांनी ते पुन्हा त्याच शेतात गेले. या वेळी कुंपणालगतच्या झुडपांआडून चालले होते. स्वानंदने अचानक ताईची बाही ओढली.

"तिकडे! खांबावर!"

खांबावर बर्फाचा गोळा बसला होता. गोळ्याने मान वळवली. पिवळेधमक डोळे! पांढरं घुबड! ईशानीने श्वास रोखून धरला.

पण घुबडाचं लक्ष रस्त्याकडे होतं. रस्त्याच्या पलीकडच्या कडेला मोटारी उभ्या होत्या आणि लांबलचक लेन्सा लावलेले काही लोक ओळीने थांबले होते. त्यांच्यापुढे थोड्या अंतरावर, त्यांच्याकडे पाठ करून, नारिंगी टोपीतला एक उंच माणूस उभा होता. त्याने दोन बोटं तोंडात घालून शीळ घातली.

फीऽऽट!

घुबडाने पंख पसरले. आवाज नाही, काही नाही. जमिनीला जवळजवळ घासत ते सरळ रस्त्याकडे झेपावलं. आणि त्याच वेळी डावीकडून एक ट्रक आला!

"नोऽऽ!" ॲलरॉय ओरडला.

भोंगा वाजला. ब्रेक किंचाळले. क्षणभर काही दिसलंच नाही, नुसता भुरभुरता बर्फ. मग पलीकडच्या शेतातून घुबड डुगडुगत वर उठलं. एक पांढरं पीस रस्त्यावर गोल गोल फिरत खाली आलं. आणि ते लोक? ते खटाखट फोटो काढत होते!

"त्यांना दिसलं नाही का ट्रक आला ते?" ईशानी म्हणाली. तिने केइको-सानची दुर्बीण डोळ्यांना लावली आणि खाली घेतली. पुन्हा लावली.

"काय झालं?" स्वानंदने विचारलं.

"तो तिसरा माणूस, निळ्या जॅकेटातला..." ईशानीने दुर्बीण स्वानंदच्या हातात दिली. "ते बाबा आहेत."

"आपले बाबा? ते तर ऑफिसला गेलेत!"

सगळे झुडपांआडूनच परतले.

त्या संध्याकाळी बाबांनीच फोटो दाखवला. ते एवढे खुशीत होते की ऑफिसला दांडी मारल्याचंही बोलून गेले!

"बघा! समोरून, पंजे पसरलेले! ग्रँट नावाचा गाइड आहे. नुसती शीळ घालतो आणि घुबड येतं! ओळखतं म्हणे त्याला!"

"बाबा, ते ट्रकखाली येणार होतं!" ईशानी म्हणाली. "आम्ही पाहिलं. आम्ही तिथेच होतो."

बाबा क्षणभर गडबडले. "अगं, लेन्समधून बाजूचं दिसत नाही. पण ग्रँट एक्स्पर्ट आहे, ईशू. वर्षानुवर्षं करतोय तो हे काम. तुम्ही मुलं उगीच घाबरता." आणि ते पुन्हा फोटोत बुडून गेले.

ईशानीला रडू फुटायला आलं. बाबा वाईट नव्हते. अंगणातल्या खारीसाठी ते शेंगदाणे ठेवायचे. मग त्यांना कळत का नव्हतं? आणि घुबड शिळेला कसं काय येतं? आणि या सगळ्याचा पांढऱ्या उंदराशी काय संबंध? एकाचा विचार करावा तर दुसरं आडवं येत होतं!

शुक्रवारी ग्रँट स्वतःच घरी आला. त्याची गाडी दुरुस्तीला होती, म्हणून शनिवारी तो बाबांच्याच गाडीतून जाणार होता. त्याने आपलं सामान बाबांच्या गाडीच्या डिकीत ठेवलं. "नाजूक उपकरणं आहेत. हात लावू नका," असं बजावून तो निघून गेला. बाबांनी मान डोलावली. उपकरणं कसली, हे त्यांनी विचारलंसुद्धा नाही.

संध्याकाळी ॲलरॉय आला तेव्हा स्वानंद गॅरेजमध्ये गाडीला कान लावून उभा होता.

"उपकरणं खरवडतात का रे कधी?" त्याने कुजबुजत विचारलं.

खर्र... खर्र... आवाज डिकीतूनच येत होता! ईशानीने डिकी उघडली. पुठ्ठ्याचं खोकं. झाकणाला भोकं. तिने झाकण उचललं आणि आतून लाल डोळ्यांच्या जोड्या तिच्याकडे बघू लागल्या.

"उंदीर!" तिघं एकदम म्हणाले.

ईशानी झाकण हातात धरूनच ओरडली. "खळगा! अरे, तो खळगा! उंदीर आभाळातून पडला नव्हता. फेकला होता! रस्त्यावरून! म्हणून ठसे शेताच्या मधूनच सुरू होत होते!"

"आणि शिट्टी नुसती दाखवायला," ॲलरॉय म्हणाला. "घुबड शिट्टीला येतच नाही. उंदराला येतं! तो पाठ करून उभा राहतो ना? म्हणून कुणाला दिसत नाही!"

"म्हणजे बाबांनाही माहीत नाही?" स्वानंदने विचारलं. ईशानीला एकदम हायसं वाटलं आणि लगेच रागही आला. माहीत नाही, कारण विचारलंच नाही!

"आत्ताच सांगू या त्यांना," ॲलरॉय म्हणाला.

"परवा सांगितलं तेव्हा ऐकलं का? आणि ग्रँट म्हणेल, उंदीर माझे पाळलेले आहेत. नाही. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत झालं पाहिजे." ईशानीने स्वानंदकडे पाहिलं. "तुझे पांढरे लोकरीचे मोजे आण. आणि आईच्या डब्यातले डिंकाचे लाडू."

"लाडू? आत्ता भूक लागली तुला?"

"आण रे!"

शनिवारी सकाळी रस्त्याच्या कडेला पुन्हा लेन्सा लागल्या. या वेळी झुडपांआड केइको-सान होत्या, मुलं होती आणि त्या शेताची मालकीण हेलनही होती. आदल्या दिवशी केइको-साननी तिला फोन करून ट्रकची गोष्ट सांगितली होती.

"मी चालायला येणाऱ्यांना परवानगी दिली होती," हेलन पुटपुटली. "घुबड सारखं रस्त्याकडे का जातं, हेच मला कळत नव्हतं."

ग्रँट ऐटीत पुढे झाला. खोकं पायाशी ठेवून त्याने पाठ वळवली. नजर खांबावरच्या घुबडावर आणि जाडजूड हातमोजा खोक्यात.

फीऽऽट! हात झर्रकन फिरला. काहीतरी पांढरं रस्त्यावरून उडत गेलं आणि बर्फात पडलं.

घुबडाने मान वाकडी केली. पाहिलं. पुन्हा पाहिलं. आणि ते चक्क पंख साफ करू लागलं!

फीऽऽट! दुसरं पांढरं काहीतरी उडालं. घुबड हललं नाही. लेन्सांच्या रांगेत कुजबुज सुरू झाली. ग्रँटचा चेहरा टोपीसारखाच नारिंगी झाला.

आता ईशानी झुडपांतून बाहेर आली. तिचा आवाज खणखणीत होता. "मिस्टर ग्रँट, शीळ घालताना तुम्ही काय फेकलंत?"

"मी? काही नाही! कोण ही मुलगी?"

स्वानंद तोवर बर्फातून धावत गेला होता. रस्ता दोन्हीकडे नीट बघून तो ओलांडून आला आणि मोजा उंच धरून ओरडला, "बाबा! हा आपल्या आईचा डिंकाचा लाडू आहे!"

बाबांनी मोज्यात हात घातला, लाडू बाहेर काढला आणि त्याच्याकडे बघतच राहिले. "हा इथे? हा... हे काय चाललंय?"

"खोक्यात उंदीर होते, काका!" ॲलरॉय म्हणाला. "जिवंत! ते आता तुमच्या बेसमेंटमध्ये आहेत. तुम्हीच हे खोकं गाडीतून आणलंत, फक्त उघडून पाहिलं नाहीत!"

मग ईशानीने सगळं सांगितलं. खळगे, कुठूनच न आलेले ठसे, पंखांचे पंखे. तिने मोबाइलवर काढलेले ठशांचे फोटो दाखवले. लेन्सावाले एकेक करून जवळ आले.

"अरे, सगळेच करतात असं!" ग्रँट शेवटी उसळला. "घुबडाला आयतं खायला मिळतं, तुम्हाला फोटो मिळतो. कुणाचं काय बिघडतं?"

"घुबडाचं!" बाबांचा आवाज चढला. मुलांनी त्यांना असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "तू त्याला रस्त्यावर बोलवायला शिकवलंस. त्या दिवशी ट्रक येत होता आणि मी बटण दाबत होतो. माझ्या मुलीने सांगितलं, तरी मी तुझीच बाजू घेतली."

हेलन शांतपणे पुढे आली. "माझ्या कुंपणाजवळ पुन्हा दिसू नका," ती ग्रँटला म्हणाली. बाबांनी त्याला गाडीत घ्यायला नकार दिला. दुसऱ्या कुणीही पटकन हो म्हटलं नाही. अखेर एका आजोबांनी त्याला बसस्टॉपपर्यंत नेलं आणि वाटभर चांगलंच फैलावर घेतलं!

बाबा ईशानीसमोर उकिडवे बसले. "चुकलो मी, ईशू. लहान आहेस म्हणून तुझं ऐकलं नाही."

ईशानीने त्यांच्या गळ्यात हात टाकले.

"मी इतकी वर्षं रानं फिरले," केइको-सान तिन्ही मुलांना म्हणाल्या आणि त्यांनी कमरेतून वाकून नमस्कार केला, मोठ्यांना करतात तसा. "पण त्या खळग्याचा अर्थ मला लागला नव्हता. तुम्ही लावलात."

स्वानंद लाजून लाल झाला. "मी फक्त लाडू आणले," तो म्हणाला.

"आणि एक लाडू वाटेत खाल्लासही!" ॲलरॉय म्हणाला. सगळे हसले. हेलनने त्यांना हवं तेव्हा शेतात यायचं आमंत्रण दिलं आणि लेन्सावाल्यांना मोटारी लांब नेऊन लावायला सांगितलं. सगळ्यांनी मुकाट्याने ऐकलं.

रस्ता मोकळा झाला. मंडळी झुडपांआड गुपचूप बसली. बराच वेळ काहीच घडलं नाही. बाबांच्या नाकाचं टोक गारठून लाल झालं, स्वानंदचे पाय बधिर झाले, पण कुणी हललं नाही.

आणि मग घुबड उडालं. रस्त्याकडे नाही, पार उलट्या दिशेला! शेताच्या त्या टोकाला ते बर्फात झेपावलं आणि वर आलं तेव्हा त्याच्या पंजात शेतातलाच एक करडा उंदीर होता. बाबांचा कॅमेरा गळ्यात तसाच लटकत राहिला. इतक्या लांबून फोटोत नुसता एक पांढरा ठिपका आला असता.

"दिसलं का?" बाबांनी हळूच विचारलं.

"दिसलं!" स्वानंद जोरात ओरडणार होता. पण त्याने हातमोज्याने स्वतःचं तोंड दाबलं आणि नुसती मान हलवली.