पाचवा रविवार

धुकं इतकं दाट होतं, की टेकडीवरच्या चर्चच्या पायऱ्या चढून वर जाईपर्यंत तिला दारावरचं कुलूप दिसलंच नाही. दिसलं तेव्हा ती चाटच पडली. पाचवा रविवार, उपासनेची वेळ होत आलेली, आणि आवारात चिटपाखरू नाही! चार चर्चची माणसं जमायची म्हणजे एव्हाना इथे झुंबड उडायला हवी होती.

वरच्या पायरीवर मात्र एकजण बसला होता. मांडीवर गीतांचं जाडजूड पुस्तक, आणि चेहऱ्यावर वर्गाबाहेर उभं केलेल्या मुलाचा भाव. तिला पाहून तो घाईघाईने उठला.

"बरं झालं आलात. किल्ली आणलीत ना?"

"मी? मला वाटलं, तुम्ही इथलेच…"

"छे! मी बाजारातल्या चर्चचा."

"आणि मी नदीकाठची."

त्याने चाचरत विचारलं, "आज पाळी टेकडीचीच आहे ना? की… टेकडीची मागेच होऊन गेली?"

"मागच्या वेळी मी आलेच नव्हते. तापाने आडवी झाले होते."

"मीही नव्हतो हो! आमच्याकडे पाहुणे आले होते…" त्याने कपाळावर हात मारला. "म्हणजे आज सगळे गिरणीजवळच्या चर्चमध्ये. संपलं! पाद्रीबाई मला जिवंत सोडत नाहीत."

"एका माणसाने काय बिघडणार आहे?"

"पायपेटी मी वाजवतो."

तिने हसू दाबायचा प्रयत्न केला, पण ते काही दबलं नाही. धुक्याच्या पलीकडे कुठेतरी चार चर्चची माणसं चार वेगवेगळ्या सुरांत एकच गीत ओढत असतील, हे तिच्या डोळ्यांसमोर आलं आणि ती पायरीवर बसून पोट धरून हसली. तोही आधी ओशाळला, मग हसायला लागला.

इथे थोडं समजावून सांगायला हवं. ही चारही चर्च तशी स्वतंत्र. प्रत्येकाची मंडळी वेगळी, कमिटी वेगळी, आणि रुसवेफुगवे तर फारच वेगळे. पण पाद्रीबाई एकच. म्हणून चारही चर्चचा मिळून एक गट केलेला. दर रविवारी बाई एका चर्चमध्ये जात. बाकीच्या तीन ठिकाणी मंडळीतलंच कुणीतरी प्रार्थना चालवी. एखाद्या महिन्यात पाचवा रविवार आला, की त्या दिवशी मात्र सगळ्यांनी एकत्र यायचं, पाळीपाळीने एकेका चर्चमध्ये. ही कल्पना तिच्या बाबांची. बाबा नदीकाठच्या चर्चचे वॉर्डन होते, म्हणजे गळक्या छपरापासून बायकांच्या भांडणांपर्यंत सगळं ज्याच्या माथी मारलं जातं तो माणूस. चार कमिट्यांना एका टेबलाभोवती बसवताना त्यांच्या नाकी नऊ आले होते. त्यामुळे पाचवा रविवार हा विषय निघाला, की आजही त्यांची मान ताठ व्हायची.

आणि त्यांचीच मुलगी भलत्याच चर्चच्या दारात येऊन बसली होती!

"आता खाली जाऊन उपयोग नाही," तो म्हणाला. "या धुक्यात पोचेपर्यंत शेवटचा आशीर्वाद झालेला असेल. आजचं गीत… म्हणायचं का इथेच?"

त्याने हलक्या आवाजात सुरुवात केली. आवाज बेताचाच होता, पण सुरात होता. ती दुसऱ्या ओळीला मिळाली. गाता गाता धुकं विरत गेलं. आधी नदीची चंदेरी कड दिसली, मग गिरणीचं धुराडं, मग बाजारातली कौलं… जणू कुणीतरी खालचं गाव एकेक करून मांडत होतं. गीत संपलं तरी कुणी उठेना.

"तुम्ही चष्म्याच्या दुकानात असता ना?" त्याने विचारलं. "आमच्या मावशीचा चष्मा तुम्हीच केलात."

"कुठल्या मावशी? त्या नवीन कवळीवाल्या?"

"कवळी मी केली!" तो एवढा खूश झाला, की पायरीवरून घसरायचाच बाकी राहिला. तो दातांच्या कवळ्या बनवायचा. बाजारात त्याला सगळे कवळीवालाच म्हणत. "म्हणजे दात माझे, डोळे तुमचे. अर्धी मावशी आपण दोघांनी मिळून घडवलीय."

घरी परतताना ती रस्ताभर स्वतःशीच हसत होती. गुडघेदुखीमुळे त्या दिवशी घरीच राहिलेल्या बाबांनी विचारलं, तेव्हा उपासना छान झाली असं तिने सांगितलं. ते काही अगदीच खोटं नव्हतं.

त्यानंतर ती कॅलेंडर जरा जास्तच न्याहाळू लागली. एरवीच्या रविवारी भेट व्हायचा प्रश्नच नव्हता. चारही चर्चची घंटा एकाच वेळी वाजायची. तो तिथे पायपेटीला जुंपलेला, ती इथे मुलांच्या वर्गात. आठवडाभर दोघांची दुकानं, आणि मध्ये अख्खं गाव. म्हणून चार रविवारांचा महिना तिला आता उगाचच रुक्ष वाटायचा.

पुढच्या पाळीला बाजारातलं मोठं चर्च होतं. तिथल्या पायपेटीवर एक छोटा आरसा लावलेला असतो, वाजवणाऱ्याला पाठमोरं बसून पाद्रीबाईंची खूण दिसावी म्हणून. ती चौथ्या बाकावर बसली होती. गाणं सुरू असताना तिची नजर सहज त्या आरशाकडे गेली, आणि आरशात दोन डोळे तिच्याकडेच बघत होते. ती लाजून चूर झाली. पुस्तकात मान घातली. पुन्हा वर पाहिलं… डोळे तिथेच!

पाद्रीबाईंनी खूण केली. पायपेटी गप्प. बाईंनी दुसऱ्यांदा खूण केली. गप्पच. शेवटी बाई खाकरल्या, तेव्हा कवळीवाल्याने दचकून भलतंच गीत सुरू केलं, आणि मंडळी बिचारी निमूटपणे तेच गायली.

उपासना संपल्यावर बाई पायपेटीपाशी गेल्या आणि एका बोटाने आरसा सरळ केला. "हा आरसा मला बघायला लावलाय," त्या म्हणाल्या, "असा आपला माझा समज होता."

ती पुस्तकं गोळा करत शेजारीच उभी होती. तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

असे रविवार येत गेले. तो फार काही बोलायचा नाही. चहाचा कप तिच्या हातात देताना त्याचा हात किंचित रेंगाळायचा, निरोप घेताना तो म्हणायचा, "मग… पुढच्या पाचव्याला." बस्स, एवढंच. तिला रात्री कुशीवर वळताना प्रश्न पडायचा, की हा येतो तो माझ्यासाठी, की पाचवा रविवार आहे म्हणून? गटाचं काम नसतं, तर याने कधी माझ्या दिशेने पाऊल टाकलं असतं का? उत्तर मिळत नव्हतं, आणि विचारायची हिंमत होत नव्हती.

आणि अशातच बिशपसाहेबांच्या कार्यालयाकडून सूचना आली. नदीवर नवा पूल झाला होता. पलीकडच्या काठावर तीन चर्चचा एक गट होता, त्यांचे पाद्री अगदी पुलाला लागून राहायचे. नदीकाठच्या मंडळीने या गटातून निघून त्या गटात जावं का? निर्णय नदीकाठच्या कमिटीनेच घ्यायचा होता.

गटाच्या बैठकीत सगळ्यांनी आपापलं म्हणणं मांडलं. बाबा तावातावाने बोलले. हा गट उभा करायला आपण काय खस्ता खाल्ल्या, ते त्यांनी सगळ्यांना ऐकवलं. पाद्रीबाई शांतपणे म्हणाल्या, "मला सोडायचं नाही तुम्हाला. पण चार ठिकाणी वाटून वाटून जी उरते, ती बाई तुमच्या वाट्याला येते. हे बरोबर नाही."

बैठकीनंतर कवळीवाला तिच्याबरोबर बसथांब्यापर्यंत आला. दिवे नुकतेच लागले होते, आणि ओल्या रस्त्यावर त्यांचा पिवळा उजेड सांडला होता.

"कमिटीत माझंही मत आहे," ती म्हणाली. "काय करू?"

"मला विचारू नका."

"का?"

"मी लबाड सल्ला देईन." तो हसला, पण त्याचे डोळे हसले नाहीत. "राहा म्हणेन. आणि त्यात चर्चचा काडीचाही संबंध नसेल."

बस आली. तिला खूप काही विचारायचं होतं… पण मागचे लोक चढायची घाई करत होते, आणि तो एक पाऊल मागे सरला.

नदीकाठच्या कमिटीची सभा चर्चच्या मागच्या खोलीत भरली. वाफाळता चहा, लाकडी खुर्च्या, खिडकीबाहेर संथ वाहणारं पाणी. निम्मे हात राहायच्या बाजूने वर झाले, निम्मे जायच्या. मत द्यायची राहिली ती एकटी. बाबा अध्यक्षाच्या खुर्चीतून तिच्याकडे बघत होते. त्यांना खात्रीच होती.

तिला सुतारकाका आठवले. नदीकाठच्या चर्चचा प्रत्येक बाक त्यांच्या हातचा. ते शेवटच्या घटका मोजत होते, तेव्हा पाद्रीबाई टेकडीवर एका लग्नात अडकल्या होत्या. काका सारखे दाराकडे बघत होते. अखेर तिनेच त्यांचा हात हातात घेऊन प्रार्थना वाचली. काकांनी मान हलवली, पण डोळे दाराकडेच होते. बाई धापा टाकत आल्या, तेव्हा उशीर झाला होता. नंतर बाई पायरीवर बसून रडल्या होत्या, तेही तिने पाहिलं होतं. आणि मंडळीत आता म्हातारीच माणसं जास्त होती.

"जावं," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटला.

सभेनंतर बाबा तिच्या पुढेपुढे चालत घरी आले. दार उघडताना म्हणाले, "मला वाटलं होतं, तू तरी राहा म्हणशील. तुला तर कारणही होतं."

ती थबकली. "तुम्हाला… माहीत होतं?"

"वॉर्डन आहे मी. आंधळा नाही."

"कारण होतं म्हणूनच, बाबा," ती म्हणाली आणि तिचा बांध फुटला. "राहा म्हटलं असतं, तर ते कुणासाठी म्हटलं, हे मला कायम टोचत राहिलं असतं."

बाबांनी तिच्या डोक्यावर नुसता हात ठेवला. नंतर बराच वेळ ते खिडकीपाशी एकटेच बसून होते.

पलीकडचे पाद्री वयस्कर आणि प्रेमळ होते. आजारी माणसाच्या घरून निरोप गेला, की ते छत्री टेकत पूल ओलांडून येत. सगळं कसं ठरल्यासारखं, नीट झालं. फक्त तिचं कशातच लक्ष लागेना. दुकानात भिंगं पुसता पुसता ती हरवून जाई. पाचवा रविवार आला, तोही पलीकडच्या अनोळखी चर्चमध्ये, अनोळखी पेटीच्या सुरांवर गेला. कवळीवाल्याकडून काहीच कळलं नाही. मग तिने मनाची समजूत घातली. जे होतं ते गटाचं होतं. गट संपला, तेही संपलं. मन मात्र समजूतदारपणा दाखवायला तयार नव्हतं.

पुढच्या महिन्यातला साधा, दुसरा रविवार. ती दारात उभी राहून येणाऱ्यांच्या हातात पुस्तकं देत होती. सकाळ कोवळी होती, नदीवरून वारा येत होता. पुढचा हात आला. तिने पुस्तक दिलं. हाताने पुस्तक घेतलं, पण तो पुढे सरकेना.

तिने वर पाहिलं. कवळीवाला! घामाघूम झालेला, सायकल कुंपणाला कशीबशी टेकवलेली.

"तुम्ही?" तिने उरलेली पुस्तकं छातीशी धरली. "आज काय काम काढलंत?"

"काही नाही."

"आणि तिकडची उपासना? पायपेटी?"

"तिकडचं सगळं उरकून आलो. नदीकाठचं चर्च गेल्यावर वेळापत्रक नव्याने करायचंच होतं. मी ठराव मांडला, बाजारातली उपासना भल्या सकाळी ठेवावी. मंजूर व्हायला वेळ लागला… आमच्या कमिट्या तुम्हाला माहीत आहेतच. आजपासून लागू झालाय."

"भल्या सकाळी! लोकांनी कारण विचारलं असेल की."

"विचारलं. मी म्हणालो, वैयक्तिक."

"आणि तरी मंजूर झाला?"

"एकमताने. पाद्रीबाईंनी तर दोन्ही हात वर केले."

ती हसायला गेली आणि डोळ्यांतच पाणी आलं. त्याने हातातलं पुस्तक उगाच उघडलं, मिटलं. "आधी मला सोपं होतं गं," तो हळूच म्हणाला. "पाचवा रविवार आला की यायचं. ठरलेलंच असायचं, मला काही बोलावं लागायचं नाही. आता इकडे यायला मला काही म्हणजे काही कारण नाही. म्हणून… खरं तेच सांगतो. मला तू आवडतेस. फार आवडतेस. मी तुझ्यासाठी आलोय. आणि तू चालेल म्हणालीस, तर दर रविवारी येईन."

घंटा वाजायला लागली. आत लोक उभे राहत होते.

"चालेल," ती म्हणाली. मग तेवढ्याने भागेना, म्हणून पुन्हा म्हणाली, "मला चालेल. मी तर कधीची वाट बघतेय!"

नदीकाठच्या चर्चमध्ये बाकांवर कुणाची नावं नव्हती, पण कुणाचं घर कुठे बसतं, हे सगळ्यांना पाठ होतं. पाहुण्यांनी मागे बसायचं. घरच्या बाकावर कुणी बाहेरचं माणूस येऊन बसलं, की सोयरीक ठरली असं मंडळीने समजायचं, अशी तिथली रीत. तो सवयीने मागच्या बाकाकडे वळला. तिने त्याची बाही धरली.

"तिथे नाही."

सगळ्यांच्या नजरा पाठीवर झेलत दोघं मधल्या वाटेने पुढे गेले. बाबा दुसऱ्या बाकाच्या कडेला, नेहमीच्या जागी उभे होते. त्यांनी मान वळवली नाही. बाकावर ठेवलेली टोपी तेवढी उचलून हातात घेतली, आणि ते पार भिंतीपर्यंत सरकले.