भिंतीखालचं गवत

"चांदनी, तू तरी बोल ना गं!"

रोहिणीने असं म्हटल्यावर बकरीने पाला चघळत तिच्याकडे नुसतं पाहिलं आणि मान फिरवली. घ्या! सुट्टीत बोलायला माणूस नाही ते नाही, वर बकरीचाही रुसवा!

विसरवाडीच्या हायवेवर धर्मेंद्रशेठचा ढाबा आहे. त्याच्या मागच्या भिंतीवर रोहिणी एकटीच बसली होती. एरवी ती वर आणि नमिरा खाली गवतात, बकरीची दोरी धरून. रोहिणीला सापाची भारी भीती. "घाबरट!" नमिरा खालून चिडवायची. वर्गातल्या बाकी मुलींचे गट कधीच ठरून गेले होते. या दोघींचा गट दोघींचाच. दिवाळीच्या सुट्टीचे केवढे बेत केले होते! आणि पहिल्याच दिवशी नमिरा तापाने आडवी झाली. आज सहावा दिवस होता. आजार लागेल म्हणून रोहिणीला तिच्या दारातही उभं करत नव्हते. नमिराची बकरी सांभाळायची, एवढंच तिच्या हाती उरलं होतं.

तेवढ्यात नमिराचा भाऊ अझरुद्दीन धापा टाकत आला.

"रोहिणी! ती काहीतरी बडबडतेय! अम्मीलाही ओळखत नाही! डॉक्टर म्हणतात टायफॉइड, पण गोळ्यांनी ताप हटतच नाही!"

नमिराला काही झालं तर? रोहिणीला एकदम रडूच फुटलं.

ढाब्यातून तंदूरवाले दोधूकाका उष्ट्याची बादली घेऊन आले. नेहमीसारखी त्यांनी ती गवतात रिकामी केली आणि वर पाहिलं.

"काय व्हयनं पोरी? रडी ऱ्हायनी का?"

रोहिणीने सगळं सांगितलं. काकांनी बादली खाली ठेवली.

"मांगला महिनामा मले बी असाच ताप उना व्हता. सरकारी दवाखानानी डॉक्टरबाईनी आंग तपासं, तं काखमा काया डाग! तिनी इचारं, गवतमा बठस का? मी सांगं, दुपारले तठेच लवंडस. उंदरेसना आंगवर बारीक किडा ऱ्हास, तो चावस. गोळ्या दिन्यात, दोन दिनमा ताप पळना!"

"काळा डाग!" रोहिणीने भिंतीवरून उडीच मारली. "अझर, पळ!"

दारात नमिराची अम्मी अख्तरबानो आडव्या आल्या. "आत नको बेटी, तुला लागेल."

"चाची, मी बाहेरच थांबते! फक्त बघा, नमिराच्या काखेत, कमरेला कुठे काळा डाग आहे का?"

चाची गोंधळल्या. "कमरेला आहे की! सलवारचा नाडा काचला, म्हणून मीच हळद लावली."

"अम्मी! डॉक्टरला दाखवला?"

"पुरुषमाणूस तो! पोरगी लाजेने कुडता वर करेना. मीही म्हटलं, नाड्याचं काय दाखवायचं?" बोलता बोलता त्यांनी कपाळावर हात मारला. "या अल्ला, सहा दिवस मीच झाकून ठेवलं!"

दहा मिनिटांत रिक्षा सरकारी दवाखान्याकडे निघाली. रोहिणीला तीत जागा नव्हती. रिक्षा दिसेनाशी झाली तरी ती बकरीची दोरी धरून रस्त्यावर उभीच होती.

संध्याकाळी घरी राहिलेल्या अझरला दवाखान्यातून फोन आला. निदान झालं होतं, स्क्रब टायफस, दोधूकाकांचाच तो किड्याचा ताप! गोळ्या सुरू झाल्या होत्या, पण दोन दिवस काही सांगता येणार नव्हतं. डॉक्टरबाईंनी आणखी एक समजावलं होतं. किडे आणि उंदीर यांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं जमलेलं असतं, त्यामुळे उंदराला सहसा काही होत नाही. माणूस त्यांच्यात नवखा, म्हणून त्याला आजार बाधतो. आणि उष्टं टाकलं की उंदीर वाढतात, उंदरांमागून किडे!

रोहिणी आणि अझर तडक धर्मेंद्रशेठकडे गेले.

"माझं उष्टं घंटागाडीत जातं!" शेठ गुरकावले. "गवतात उंदीर? दाखवा पुरावा!"

"दाखवतो!" अझर म्हणाला. बाहेर येऊन पुटपुटला, "पण कसा दाखवायचा?"

रोहिणी तंदूरकडे पाहत होती. "काका, राख द्याल?"

दोधूकाकांनी मान खाली घातली. बादली तेच ओतत होते ना! त्यांनी राखेचं घमेलं भरून दिलं. दिवस मावळायच्या आत मुलांनी भिंतीवर बसूनच, गवतात पाय न ठेवता, उष्ट्याच्या उकिरड्यापासून नमिराच्या जागेपर्यंत राख पसरली.

सकाळी मुलं सरपंच ममताताईंना घेऊन आली. राखेत पावलंच पावलं! इवल्या बोटांची, शेपट्यांच्या रेघांची. सगळ्या वाटा शेठच्या उष्ट्यापासून निघून थेट नमिराच्या बसायच्या जागेकडे गेल्या होत्या.

"शेठ, उंदीर सही करून गेलेत!" अझर म्हणाला.

शेठचं तोंड एवढंसं झालं. दुपारपर्यंत उष्ट्यासाठी झाकणाचं पिंप आलं, गमबूट घातलेल्या माणसांनी गवत साफ केलं. ममताताईंनी चारचौघांत दोघांची पाठ थोपटली. "मोठ्यांना दिसलं नाही ते पोरांनी शोधलं!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. रोहिणीला मात्र काहीच वाटेना. ज्या एकीला हे सगळं सांगायचं, तीच नव्हती. ती पुन्हा भिंतीवर जाऊन बसली. खाली आता नुसती माती होती.

दुसऱ्या दिवशी ताप उतरल्याचा फोन आला. आणि आठवड्याने अझरचा हात धरून, सुकलेल्या तोंडाची नमिरा आली.

रोहिणीने बोलायचं केवढं साठवलं होतं! भिंतीवर बसूनच ती नमिराकडे बघत राहिली.

"बघत काय बसलीस? हात दे!" नमिरा म्हणाली. "आणि सरक जरा. आता मीही वरच बसणार. तुला घाबरट नाही म्हणणार बाई!"

तिला वर ओढून घेत रोहिणीने डोळे पुसले.

"म्हण," ती म्हणाली. "रोज म्हण."